ताटाएवढा समुद्र

नातवंडांनो, फोनवर मी तुमच्याशी निम्मं इंग्रजीत बोलते. तुम्हाला ते सोपं जातं आणि मलाही जड जात नाही. मिशनच्या शाळेत शिकले आणि पुढे हायस्कुलात इंग्रजीच शिकवलं. पण ही हकिगत मराठीत लिहिते आहे. हिच्यात आबा पुष्कळ बोलतात, आणि आबांचं बोलणं इंग्रजीत नेलं की ते दुसऱ्याच कोणाचं तरी वाटायला लागतं. कुठे अडलं तर आईकडून वाचून घ्या.

आधी आबांच्या डोळ्यांबद्दल सांगते, कारण बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे. त्यांना काचबिंदू आहे. मोतीबिंदू वेगळा. त्यात धूसर दिसतं, पण ऑपरेशन करून भिंग बसवलं की बहुधा ठीक होतं. काचबिंदूत नजर कडांकडून जात जाते, आणि दुखत नसल्यामुळे माणसाला पत्ताही लागत नाही. गावी अल्लीपूरला असताना शेताच्या धुऱ्यावरून चालता चालता बाजूनं आलेलं वासरू त्यांना दिसेनासं झालं. जेवताना ताटात डावीकडे वाढलेली चटणी तशीच राहू लागली. आम्ही समजलो, हल्ली तिखट नको वाटत असेल. डॉक्टरांकडे गेलो तोवर बरंच गेलेलं होतं.

मग थेंब सुरू झाले, ऑपरेशन झालं, शेत मक्त्यानं कसायला देऊन आम्ही वर्ध्याला राहायला आलो. डॉक्टर बाई चांगल्या आहेत, गोल गोल बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "गेलेलं परत येत नाही. उरलेलं जपायचं. मधलं शेवटपर्यंत टिकतं, पण तेही आकसत जाईल." कागदाची सुरनळी करून एका डोळ्याला लावा, दुसरा डोळा मिटा आणि घरातून चालून पाहा. आबांना तेव्हा तसं दिसत होतं. आता सुरनळी आणखी अरुंद झाली आहे.

त्या दिवशी दवाखान्यातून घरी आलो. आबा गच्चीकडच्या खुर्चीत बसले. चहा अर्धा झाल्यावर म्हणाले, "एकडाव समुद्र पाहू म्हन्तो."

मी म्हटलं, "अहो, पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी आहे."

"तपासनीत समुद्र दाखवनार हाय का ते?"

त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. आपल्याकडच्या शेतकऱ्याला सवड कुठे असते! कापूस घरात येतो तर तूर उभी असते, तूर आली की हरभरा. तुमच्या आईच्या व्हिसासाठी मुंबईला गेलो तेव्हाही मी आणि ती, अशा दोघीच गेलो होतो. आबांनी स्टेशनवर पोचवताना सांगितलं होतं, "समुद्राले सांगजो, येतो म्हना." ते येणं राहूनच गेलं. आता त्यांना तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा होता, उघडे आहेत तोवर. एवढंच त्यांनी मागितलं. त्यांनी माझ्याकडे आजवर फारसं काही मागितलेलं नाही, म्हणून मी कामाला लागले.

मी काम कसं करते ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही हसता, हसा. गाड्यांची तिकिटं खालच्या बर्थची, थेंबांच्या बाटल्या बर्फाच्या डब्यात, दोघांना रबरी तळाचे बूट. तुमच्या आईनं इंटरनेटवर रत्नागिरीकडच्या एका गावातली एक मुलगी शोधून दिली. ती समुद्री जीव शिकलेली आहे आणि ओहोटीच्या वेळी लहान गटांना खडकाळ किनाऱ्यावर हिंडवून तिथली झाडं, प्राणी दाखवते. मी तिला फोन केला आणि आबांच्या डोळ्यांचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "या घेऊन. अमावास्या झाली की लगेच या, तेव्हा पाणी खूप आत जातं."

एक काठीही घेतली. वर्ध्याच्या बाजारातून, वेताची, खाली रबर लावलेली. त्यावरून मात्र वाजलं.

"काठी हाती घेतली का गाव म्हन्ते, याले दिसत नाई."

"गाव इथे राहील. आपण कोकणात चाललोय."

"तिथंही गावच असन ना वं!"

गाडीत ती काठी अख्खा प्रवासभर त्यांच्या बर्थच्या टोकाला आडवी पडून होती. फलाटावर उतरताना त्यांनी ती काखेत धरली, छत्री धरतात तशी.

पोचलो त्या दिवशी संध्याकाळ व्हायची होती. आमची खोली वाळूपासून जवळ होती. सामान टाकलं, चूळ भरली आणि मी त्यांना हाताला न धरता, पण अगदी शेजारून चालत, सुरूच्या झाडांमधून बाहेर घेऊन गेले. समोर सगळा समुद्र होता. मी आधी पाहिलेला असूनही थबकले.

आबा उभे राहिले. त्यांनी मान हळूहळू उजवीकडून डावीकडे नेली, मग परत उजवीकडे. खळ्यावर धान्याचा ढीग पाहताना ते असेच पाहत. नंतर वर, खाली. मी वाट पाहत होते.

"तुकडा दिसते," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हन्जे तुकडा. इकडं पाह्यलं का इकडचा. तिकडं पाह्यलं का तिकडचा. पह्यला निघून जाते. किती जोडू?"

 लाटांचा आवाज त्यांनी बराच वेळ ऐकला आणि मग म्हणाले, "चाल. वारा सुटला." रात्री जेवण नीट जेवले, माशाचा वास सहन केला, भात चांगला होता म्हणाले. मला कळलं होतं की ते ज्यासाठी आले ते झालेलं नाही, आणि मी लावलेल्या कुठल्याही व्यवस्थेनं ते होणार नाही. एवढी मोठी वस्तू त्या सुरनळीत मावतच नव्हती.

सकाळी उजाडताना ती मुलगी आली. मुलगी म्हणते, पण तिशीची असेल. सलवार गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायात मळके बूट, आणि बोलणं इतकं हळू की सगळ्यांना जवळ यावं लागायचं. आमच्याबरोबर पुण्याचं एक जोडपं होतं. गृहस्थांच्या गळ्यात मोठा कॅमेरा, डोक्यावर दोरीची टोपी. पहिल्या पाच वाक्यांत त्यांनी आम्हाला विचारलं, "वर्धा? मग तुम्हाला समुद्राची सवय नसेल!"

आबा म्हणाले, "नाई. पन समुद्रालेही आमची नाई."

वाळू संपून गवत सुरू होतं तिथे जाड पानांची एक वेल दूरवर पसरलेली होती आणि तिला जांभळट फुलं आली होती. मुलगी सांगू लागली, ही मर्यादवेल, हिची मुळं वाळू धरून ठेवतात, आणि मोठ्या भरतीचं पाणी साधारण हिच्यापर्यंत येऊन मागे फिरतं. आबा वाकले. एक फूल अगदी डोळ्यांसमोर धरलं.

"हे तं आपली बेशरम!"

पुण्याच्या बाई दचकल्या. मी घाईनं सांगितलं की आमच्याकडे नाल्याकाठी, रस्त्याकडेला वाढणाऱ्या एका झुडपाचं नाव बेशरम आहे. कुठेही तोडून टाका, पुन्हा उगवतं. मुलगी हसली. "बरोबर ओळखलंत आजोबा. दोघी एकाच घरातल्या. बहिणीच म्हणा."

"एवढ्या दूर दिली व्हय हिले!" आबा म्हणाले. त्या सकाळी पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला.

पाणी खरोखर आत गेलेलं होतं. काल जिथे लाटा फुटत होत्या तिथे काळे खडक उघडे पडले होते. त्यांच्यावर पांढरी, धारदार कालवं चिकटलेली. मधल्या खाचांमधून पाणी साचलेलं, आणि सगळीकडून चट्‌चट्‌ असा बारीक आवाज, तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटतात तसा, पण फार मंद. मुलीनं खडकांवर चढण्याआधी सांगितलं की कुठलाही दगड उचलला तर तो होता त्याच कुशीवर परत ठेवायचा. "त्याच्याखाली कोणीतरी राहतं. आपण छप्पर उचलतोय." हात ओला केल्याशिवाय कशालाही लावायचा नाही, आणि ती 'चला' म्हणेल तेव्हा निघायचं.

तिथेच आबांनी एक गोष्ट केली. खडक सुरू होत होते आणि वाळू संपत होती, तिथे एक ओहळ समुद्राकडे वाहत होता, टाचा बुडतील एवढाच. त्याच्या पलीकडे, पाण्याच्या अगदी कडेला, आबांनी काखेतली काठी काढली आणि वाळूत रोवली. चांगली दाबून, हलवून पाहून.

"काका, तंबू ठोकताय का?" पुण्याचे गृहस्थ म्हणाले.

"खून हाय," आबा म्हणाले.

खूण म्हणत होते ते. ते मला समजलं, इतर कोणाला समजण्याचं कारण नव्हतं. यशोदा नदीला पूर आला की आपल्या गावची माणसं काठावर जाऊन पाण्याच्या कडेला एक तुराटी, तुरीची वाळकी काडी, रोवतात. ती पाण्यात गेली तर पूर चढतो आहे. कोरडी राहिली, पाणी तिच्यापासून मागे सरकलं, तर उतरतो आहे. तुराटी एकदा कोरडी झाली की माणसं घरी जाऊन निवांत जेवतात. आबांच्या वडिलांनी जन्मभर हेच केलं आणि आबांनीही. नदीचं उतरलेलं पाणी त्याच दिवशी काही परत येत नाही. शिवाय त्या निमित्तानं काठी हातातून गेली, तेही त्यांना हवंच होतं.

मुलगी पुढे निघाली होती. मी मनात म्हटलं, परतताना घेऊ.

पुढचा बराच वेळ माझ्यासाठी कठीण गेला. ती एकेक दाखवत होती आणि प्रत्येक गोष्ट हलणारी होती. सुरूच्या शेंड्यावर बसलेला समुद्री गरुड उडाला. सगळे वर पाहून ओरडले. एक खेकडा कपारीतून दुसऱ्या कपारीत पळाला. पाण्यात बोटाएवढा मासा खडकाच्याच रंगाचा होता, हलला म्हणून दिसला. प्रत्येक वेळी ती मुलगी हळूच विचारायची, "आजोबा, दिसलं?" आणि आबा म्हणायचे, "हो हो. दिसलं." गरुडाच्या वेळी ते दुसऱ्याच झाडाकडे पाहत होते.

एका ठिकाणी खडकावर पालकाच्या पानांसारखं पोपटी शेवाळ होतं. ते त्यांना दिसलं. वाकले आणि कोणी काही म्हणायच्या आत त्यांच्या बोटांनी त्यातलं चिमूटभर मुळासकट उपटलं.

"आजोबा, उपटायचं नाही हं."

"चुकलं बाई. निंदनाची सवय हाय, हात थांबत नाई."

"इथे तण कोणतं आणि पीक कोणतं, ते मलाही अजून कळलेलं नाही," ती म्हणाली. त्यांनी ती पानं परत पाण्यात सोडली.

मग ते एका सपाट खडकापाशी थांबले. "मी थकलो नाई. बसतो फक्त," म्हणाले. मी पंच्याची घडी करून खाली घातली. त्यांच्या पायांशी खडकातच एक खोलगट भाग होता आणि त्यात पाणी राहिलं होतं. आपल्या घरच्या जेवणाच्या ताटाएवढं डबकं. त्यात मला वाळू, दोन-चार शंख आणि थोडं तांबूस शेवाळ दिसलं. बाकी काही नाही.

पुण्याची मंडळी पुढच्या खडकांवर फोटो घेत होती. मुलगी आमच्याकडे परत आली, डबक्याच्या पलीकडे उकिडवी बसली.

"आजोबा, इथे पाहा. आता वाटेल, काहीच नाहीये. आपण आलो की हे सगळे दारं लावून बसतात. हलायचं नाही, सावली पडू द्यायची नाही. थोडा वेळ आपण दगड व्हायचं."

दगड व्हायला आबांना कोणी शिकवायला नको. रात्री पिकाची जागल करताना रानडुकरांची वाट पाहत माळ्यावर बसलेला माणूस आहे तो. ते बसले. मी बसले. ऊन नुकतंच त्या पाण्यावर येत होतं. मला चटकन कंटाळा आला आणि मी समुद्राकडे पाहू लागले.

"उमलून राह्यलं," आबा हळूच म्हणाले.

मी वळले. डबक्याच्या कडेला मला जो चिकट गोळा वाटला होता त्यातून बोटं बाहेर येत होती. हिरवट, टोकाला गुलाबी. एकेक करून ती पसरली आणि त्याचं फूल झालं. "समुद्रफूल," मुलगी पुटपुटली. "प्राणी आहे तो. जेवायला बसलाय."

"तो शंख चालून राह्यला. त्याले पाय हायेत. लाल पाय... पट्टे हायेत पायावर." आबांची मान हलत नव्हती, डोळेही हलत नव्हते. "दुसऱ्या शंखाजवळ गेला. हा रिकामा दिसते. माप घेऊन राह्यला. फिरवून पाह्यला... आत हात घातला. भाड्याचं घर पाहते तसा पाहून राह्यला लेकाचा."

मुलगी श्वास रोखून बसली होती. मला शंख दिसत होते, पण कोणत्यात काय चाललंय ते उमगत नव्हतं.

"नाई, पसंत नाई... नाई, थांब. परत आला. आता... बाप्पा! निघाला! नंगा निघाला आन शिरला! पाह्यलं का? पाह्यलं का वं तू?"

मी पाहिलं नव्हतं. डोळ्याचं पातं लवावं इतक्यात झालं आणि तेवढ्यात मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं होतं. मुलीनं पाहिलं. ती म्हणाली, "आजोबा, मी इतकी वर्षं येते आणि शंखातला खेकडा घर बदलताना फार थोड्या वेळा पाहिलाय." पुण्याचे गृहस्थ आवाज ऐकून धावत आले. "काय झालं? काका, पुन्हा करायला सांगा ना त्याला!"

"तुम्ही सांगा. कॅमेरा तुमच्याजवळ हाय."

त्यांची सावली पाण्यावर पडली आणि फूल मिटलं, शंख जागच्या जागी थांबले. मुलीनं त्यांना खुणेनं मागे सरकवलं. आबा हललेच नाहीत. थोड्या वेळानं सगळं पुन्हा सुरू झालं आणि ते पुन्हा सांगू लागले: मिशांचा पारदर्शक झिंगा, वाळूतून डोकावणारा नागमोडी हात, तांबूस पाल्याच्या फांदीवरचे बुडबुडे. ते सगळं त्या ताटात मावत होतं आणि ते ताट त्यांच्या डोळ्यांत. एकही तुकडा जोडावा लागत नव्हता. मी त्यांचा असा आवाज फार दिवसांत ऐकला नव्हता. शेतातून घरी येऊन, हात धुता धुता, कुठे बोंड फुटलं आणि कुठे अळी दिसली ते सांगायचे, तो आवाज.

मुलगीच आधी उठली. "चला. पाणी फिरलं."

"कुठं फिरलं?" आबांनी मान वर केली नाही. "उतरलं तं हाय. खून रोवली हाय म्या."

"आजोबा, उठायला हवं."

"थोडं बसू दे बाई. हा पुन्हा घर बदलनार हाय."

मी मागे वळून पाहिलं. आम्ही आलो त्या बाजूला, टाचा बुडाव्यात एवढा जो ओहळ होता, तो रुंद झाला होता आणि आता उलटा, किनाऱ्याकडे वाहत होता. पुण्याची मंडळी तो ओलांडून वाळूवर पोचली होती.  आबांना यातलं काही दिसत नव्हतं. कडेनं येणारं काहीच त्यांना दिसत नाही.

"अहो, पाणी येतंय."

"काठी पाह्य. उभी हाय का?"

मी पाहिलं. "पाण्यात आहे."

"किती पान्यात?"

"अर्धी." आणि मी पाहत असतानाच एक लाट आली. "आडवी झाली."

 त्यांनी दोन्ही हात खडकावर टेकले आणि ते उठले. "मंग चढलं पानी," ते म्हणाले. माझ्यावर नाही, त्या मुलीवर नाही, त्यांचा त्या खुणेवर विश्वास होता, आणि खूण खरं बोलली होती.

घाबरण्यासारखं पाणी नव्हतं. मुलीनं पुरेसा वेळ हाताशी ठेवला होता. पण तळ निसरडा होता आणि माझा गुडघा तुम्हाला ठाऊक आहे. मुलगी म्हणाली, "आजोबा मधे. एका बाजूनं मी, एका बाजूनं आजी."

"नाई," आबा म्हणाले. "पानी जिकडून येते तिकडं मी राहीन."

"अहो, तुम्हाला दिसत नाही तिकडचं," मी म्हणाले. आम्ही दोघांनी आजवर हे वाक्य असं उघड कधी बोललेलं नव्हतं.

"दिसत नाई. पाय हायेत ना." आणि त्यांनी आपला हात पुढे केला. "धर."

तुम्हाला हे समजावं म्हणून सांगते. वाहत्या नदीतून जोडीनं जायचं असलं तर आपल्याकडे गडीमाणूस वरच्या अंगाला राहतो, म्हणजे धार आधी त्याच्यावर आदळते. त्यांना घेऊन जाणारी मी होते, हे त्यांना पूर्ण ठाऊक होतं. तरी जागा ते सोडणार नव्हते. मुलीनं आमच्या दोघांकडे पाहिलं आणि वाद घातला नाही. ती पुढे चालली आणि त्यांचा दुसरा हात तिनं धरला. पाणी नडग्यांच्या वर आलं, मग गुडघ्याला लागलं. लाट येताना ते मला सांगायचे, "आली," आणि पुढच्याच क्षणी ती मला लागायची. ते लाट न पाहता सांगत होते, मी पाय कुठे ठेवायचा ते पाहून सांगत होते. अशा तऱ्हेनं आम्ही पलीकडे गेलो.

मर्यादवेलीजवळ आम्ही बसलो. थर्मासमधला चहा मी ओतला. आबांची पॅन्ट मांडीपर्यंत भिजली होती. समोर ते खडक एकामागून एक पाण्याखाली जात होते, आणि आमचं डबकंही गेलं असणार.

"हे असं कितीदा होते?" त्यांनी विचारलं.

मुलगी म्हणाली, "दिवसातून दोनदा जातं, दोनदा येतं."

"रोज?"

"रोज."

त्यांनी चहा संपवला. "आमची नदी तशी नाई. उतरली का उतरली. माह्या डोयाचं नदीसारखं हाय."

 मुलगी आपल्या बुटाला चिकटलेला ओला पाला एकेक काढत राहिली. त्या वेळी ती काहीतरी समजुतीचं बोलली असती तर मला सहन झालं नसतं.

दुपारी भरती पूर्ण आल्यावर पुण्याचे गृहस्थ आमच्या दारात उभे राहिले. हातात वेताची काठी. "काका, तुमचा तंबू वाहून आला. वेलीपाशी पडला होता." आबांनी ती घेतली, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं नीट पुसली, रबर जागेवर आहे का ते चाचपलं आणि परतीच्या प्रवासात हातातून सोडली नाही. मी एकदा म्हटलंच, "गाव काय म्हणेल?"

"गावाले सांग, समुद्रानं वापस केली."

निघायच्या आधी, त्याच संध्याकाळी मी विचारलं, पुन्हा वाळूवर जायचं का. नको म्हणाले. "पाह्यला म्या समुद्र."

"केवढा होता?"

त्यांनी दोन्ही हातांनी ताट दाखवलं.

त्याला आता दुसरा हिवाळा येतो आहे. ताटाची वाटी झाली आहे, डॉक्टर बाईंनी सांगितलं होतं तसंच. काठी घेऊन ते रोज कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातात. त्या शंखाचं घर बदलणं त्यांनी दूधवाल्याला सांगितलं, डॉक्टर बाईंना सांगितलं, अल्लीपूरहून कोणी आलं की त्यालाही सांगतात, आणि दर वेळी तसंच्या तसं.

आता तुमच्याबद्दल. दर रविवारी तुम्ही फोन करता. फोन हातात घेऊन खोलीभर हिंडता, खिडकीबाहेरचा बर्फ दाखवता, कुत्रा दाखवता, दोघंही एकदम हात हलवता आणि विचारता, "आबा, दिसतंय?" आबा म्हणतात, "हो हो. दिसते." मी शेजारीच बसलेली असते. तो तोच आवाज असतो, गरुड उडाला तेव्हाचा. तुमचा आवाज त्यांना पुरतो असं मी बरेच दिवस मानत होते. पण तसं नाही. त्यांना तुम्हाला पाहायचं आहे. किती दिवस पाहता येईल, ते डॉक्टर बाई सांगत नाहीत.

गेल्या रविवारी धाकटी रुसली होती. आठवतं? तुमच्यात कशावरून तरी भांडण झालं होतं. तिनं फोन टेबलावर उभा केला, त्याच्यासमोर हनुवटी टेकवली आणि काही म्हणजे काही बोलली नाही. थोरला मागून तिच्या तक्रारी सांगत होता. आबांनी आमचा फोन दोन्ही हातांनी धरला, जरा मागे नेला, जरा जवळ आणला, आणि मग त्यांचे हात थांबले. बराच वेळ दोघंही एकमेकांसमोर नुसती बसून राहिली. तुम्हाला वाटलं असेल, आमच्याकडचं नेट गेलं.

फोन ठेवल्यावर ते मला म्हणाले, "तिच्या नाकाच्या बाजूले तीळ हाय. पह्यलेपासून होता का वं तो?"

मला आठवेना. मी जुने फोटो काढून पाहिले. त्यात ती कायम पळताना किंवा तोंड फिरवलेली आहे, तीळ दिसत नाही. त्यांनी त्यानंतर दोनदा विचारलं. येत्या रविवारी फोन टेबलावर उभा करा, एकेक जण समोर बसा, हलू नका, आणि धाकटे, तो तीळ कधीपासून आहे ते तू स्वतःच त्यांना सांग.